पिस्ता नाही, मेंदी नाही

काड्यापेटीत ओला कापूस, कापसात किडा.
दस्तगीर मुलाणी सकाळी नऊलाच दुकानात:
"ताई, ह्या रंगाचा दोरा हवाय."

हेळवाकच्या स्टँडसमोर माझं फॉल-पिकोचं दुकान,
भिंतीवर दोनशे बारा रिळं.
बायका पदर घेऊन येतात शेड जुळवायला.
किडा घेऊन कुणी आलं नव्हतं.

मी चष्मा काढला. जवळचं मला तसंच नीट दिसतं.
शेवाळी नाही. पोपटी तर नाहीच.
कोवळी कैरी चिरताना सुरी कोयीतून जाते,
तिच्या आतला रंग.
कुशीला दोन काळपट पंख,
घडी घातलेले, इस्त्री व्हायचे बाकी.

मुलाणी धरणावर होते, पाण्याची पातळी लिहायचे,
एकोणतीस वर्षं, आता रिटायर.
म्हणाले, हा तळाला वाळूचं घर बांधतो,
कणाला कण चिकटवून, तोंडातल्या रेशमाने.
मग दार लावून आत बसतो.
एका संध्याकाळी घर कुरतडून वर निघतो.
दोन हात पाणी, तेवढाच त्याचा प्रवास,
त्यात तो अळी नाही आणि पाखरूही नाही.
"खडस त्याला तिथंच गाठती. मधल्यामधी."

नाव काय ह्याचं?
"इंग्रजीत आहे. आपल्यात कोण ठेवतंय."

पिस्त्याचे दोन पदर, मेंदीचा एक,
मांडीवर वळले, वात वळतात तसे.
वरून जरीची एकच तार, उसवलेल्या शालूतली.
गळ्याशी कोंबडीचं तपकिरी पीस,
शेजारच्या चिकन सेंटरने फुकट दिलेलं.
ब्लाउजला हुक लावण्यात माझा जन्म गेला.
हा हुक वेगळा.
ह्याला समोर घर नसतं.

पहिले चार लठ्ठ झाले.
"उपाशी ठेवा त्याला," मुलाणी म्हणाले,
"कमरेला दोरा कमी."
पाचवा त्यांनी काड्यापेटीत ठेवला,
खऱ्याशेजारी,
आणि थोडा वेळ दोघं काहीच बोललो नाही.

गुरुवारी दुकान लवकर बंद करून मी पण गेले.
सहाला भोंगा होतो, मग पाणी सोडतात,
त्याआधी नदी गुडघाभर, आणि गार, धरणाच्या तळातली.
धुण्याच्या दगडावर उभी राहिले,
पहिल्यांदाच, सोबत धुणं नसताना.
बाबू भोई पाग झटकत हसला:
"आक्का, माशाला पिको करताय व्हय?"

वरच्या अंगाला टाका. बुडू द्या. वाहू द्या. ओढू नका.
आणि मी, टाक्यागणिक दोरा ओढून घट्ट करणारी बाई!
सहा वेळा ओढला. सहा वेळा कोरा.
सातव्यांदा पुलावरून चिपळूणची एस्टी गेली,
तिच्या टपावर कुणाचं तरी कपाट बांधलेलं,
आरशात सगळी नदी हलत होती.
मी ते बघत राहिले.
दोरी आपली आपण प्रवाहाच्या टोकाला गेली, ताणली,
आणि किडा उठला असणार तळातून
स्वतःच्या मनाने.

मशीनखाली बोट सापडतं तेव्हा
आधी कळतं, दुखतं नंतर.
तसं.
एकदाच कूस वळली पाण्यात,
टिकलीएवढे खवले, पितळी,
आणि दोरी हलकी झाली.

मुलाणींनी सवयीने वहीत लिहिलं:
पाच बावन्न. पाणी गुडघ्याखाली. खडस. गेली.
मग भोंगा झाला, आम्ही चपला शोधल्या.

शुक्रवारी माजगावकर बाईंच्या साडीला
पिस्त्याचं रीळ दीड वीत कमी पडलं.
"कुणाला शिवलंत एवढं?"
आहे एक, नदीकडची, म्हटलं.
माप न देताच गेली.